स्वतः उभारलेले संकेतस्थळ: वर्डप्रेसच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय. त्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी मी कोणाचीही मदत न घेता वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याच्या एका प्रणालीवर, संकेतस्थळ तयार केले. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून त्यात ब्लॉक एडिटर (मजकूर, छायाचित्रे यांचे तयार तुकडे जोडून पान रचण्याची सोय) असल्यामुळे कोडची एकही ओळ न लिहिता दोन संध्याकाळींत पाने उभी राहिली. त्यानंतरचा बहुतेक काळ मात्र हौसेने घातलेल्या गोष्टी काढून टाकण्यातच गेला.

पहिल्या पानावर पाच छायाचित्रांचा स्लायडर (एकामागून एक आपोआप सरकणारी चित्रे) होता आणि मला तो फार आवडत असे. महिनाभराने एका मैत्रिणीला तिच्याच फोनवर संकेतस्थळ उघडायला लावले आणि ‘पुस्तक दुरुस्तीला द्यायचे असेल तर काय करशील?’ एवढेच विचारून मी गप्प बसलो. दुसरे छायाचित्र येण्याआधीच तिने पान खाली सरकवले, मेन्यूतील ‘दालन’ आणि ‘प्रवास’ या शब्दांपाशी ती घुटमळली आणि अखेरीस ‘यात फोन नंबर कुठे आहे?’ असे तिने मलाच विचारले. त्याच रात्री स्लायडर गेला, ‘दालन’चे ‘केलेली कामे’ झाले आणि ‘अधिक जाणा’ या बटणावर ‘दुरुस्तीसाठी विचारा’ असे लिहिले.

छायाचित्रांच्या बाबतीत मी गाफील होतो. वर्डप्रेस मोठ्या छायाचित्राची २५६० पिक्सेलची प्रत आपोआप करते, त्यामुळे आपण काही करायला नको, अशी माझी समजूत होती; पण प्रत्येक ठिकाणी ‘पूर्ण आकार’ निवडल्याने पान उघडायला फार वेळ लागे. आता १२०० पिक्सेल रुंदीच्या वेबपी (कमी जागा घेणारा चित्रप्रकार) प्रती चढवतो आणि त्यांतील चामड्याचा पोत तितकाच स्पष्ट दिसतो.

सर्वाधिक वेळ अक्षरांनी घेतला, कारण बहुतेक थीम (संकेतस्थळाच्या रूपाचे तयार साचे) रोमन लिपी समोर ठेवून आखलेल्या असतात. माझ्या थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत जास्तीचे अंतर सोडलेले होते. रोमन अक्षरांना ते शोभते, पण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषाच तुटली आणि ‘बांधणी’ हा शब्द उसवलेल्या शिवणीसारखा दिसू लागला. ते अंतर शून्यावर आणले. ओळींतील अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.४ पट होते, त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत, ते १.७ केल्यावर मजकूर मोकळा झाला. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे मला सुबक वाटत होती, पण तपासल्यावर त्यांचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे माप) जेमतेम २.८५ निघाले. वेबच्या सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतात. अक्षरे गडद केली. उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.

एक चूक महागात पडली. संपर्काचा फॉर्म भरल्यावर ‘धन्यवाद’ उमटत असे, म्हणून तो चालतो असे मी गृहीत धरले. तीन आठवड्यांनी स्पॅममध्ये सात विचारणा सापडल्या, आणि त्यांतील दोघांनी तोवर दुसरीकडे काम दिले होते. सर्व्हरवरून थेट जाणारी मेल अनेकदा अशीच अडकते; ती एसएमटीपीने (मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) अधिकृत खात्यातून पाठवायची असते. आता दर सोमवारी मीच फॉर्म भरून पाहतो.

प्लगइन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्राम) १९ होते, ते ६ राहिले. बॅकअप मात्र पहिल्या दिवसापासून घेत होतो, म्हणूनच एका अपडेटनंतर पान कोरे झाले तेव्हा अर्ध्या तासात ते पूर्ववत करता आले.

दरपत्रकाचा चार रकान्यांचा तक्ता अजूनही फोनवर पडद्याच्या बाहेर जातो. तो मोडून प्रत्येक कामाची माहिती स्वतंत्र परिच्छेदात लिहायला घेतली आहे. निम्मे काम झाले आहे.