ॲक्टिव्ह व्हिटॅमिन डीच्या नावाखाली आम्हाला लुबाडलं

आईची हाडं दुखत होती. "साधी टेस्ट नुसता साठा दाखवते, खरं काम ॲक्टिव्ह डी करतं, तेच तपासा," असं सांगून लॅबच्या माणसानं साध्या टेस्टच्या साडेचारपट पैसे घेतले. वर सुई नको, लाळ चालेल म्हणे. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल: रिपोर्टवर "तीव्र कमतरता" आणि लगेच कॅप्सूलच्या पॅकेजसाठी फोन. वर्षभराचे पैसे आगाऊ.

बोलणं अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी म्हणजे शरीरातला साठा आणि मूत्रपिंडात त्याचं १,२५-डायहायड्रॉक्सी हे ॲक्टिव्ह रूप बनतं, हे मी वाचून पडताळलं होतं. त्यानं दडवलं ते हे की, कमतरता बघायला साठ्याचीच टेस्ट करतात. साठा आटला की पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) वाढतं आणि मूत्रपिंडाला ॲक्टिव्ह डी बनवायला लावतं. त्यामुळे कमतरतेतही ते नॉर्मल, कधी जास्तसुद्धा येतं.

आणि चोरी तर रिपोर्टवरच छापलेली होती! "ॲक्टिव्ह डी: १८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, नॉर्मल ३० ते १००." ॲक्टिव्ह डी पिकोग्रॅममध्ये मोजतात, हजारपट लहान एककात. १८ नॅनोग्रॅम म्हणजे १८,००० पिकोग्रॅम. निरोगी माणसात ते साधारण शंभर पिकोग्रॅमच्या आतच असतं. ३० ते १०० ही रेंज साध्या टेस्टची, तीच उचलून चिकटवलेली. ती ओळ मी बोट ठेवून आईला वाचून दाखवली होती. आठवलं की डोकं भणभणतं. पण पेशंटचे घरचे आकडा आणि लाल बाण बघतात, एकक कोण बघतं?

लाळेवरून कमतरता सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ॲक्टिव्ह डीची टेस्ट रक्ताच्या सीरमवर होते आणि किडनीचा आजार, सारकॉइडोसिस (फुफ्फुसांसारख्या अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार), विनाकारण वाढलेलं कॅल्शियम अशा वेळी डॉक्टरच ती लिहून देतात.

लॅब म्हणते, "टायपिंगची चूक." आरोग्य खातं म्हणतं, ग्राहक तक्रार विभागाकडे जा. ते म्हणतात, रिपोर्ट खोटा असल्याचं तज्ज्ञाचं पत्र आणा. पत्र नेलं, तर आरोग्य खात्याचा शेरा हवा! पोलिसांनी "पैशांचा वाद आहे" म्हणून अर्जही घेतला नाही. चुकीच्या रिपोर्टवर ॲक्टिव्ह डीची औषधं घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं, हा काय पैशांचा वाद आहे?

टेस्ट करणाराच औषध विकत असेल तर पैसे देऊ नका. असा रिपोर्ट घरात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एकट्याचा अर्ज सरकारी खाती फायलीत दाबून टाकतात, म्हणून सगळ्यांनीच तक्रार करा.