थायरॉइड काढल्यानंतरची गोळी: वर्षभराचा अनुभव, वजनासकट

आधीच सांगते, ही वजन उतरवायची गोळी नाही. तशी अपेक्षा ठेवून कुणी वाचायला घेतलं असेल तर निराशा होईल. पूर्ण थायरॉइड काढलेल्या माणसासाठी लेवोथायरॉक्सिन म्हणजे शरीराने जे बनवायचं थांबवलं त्याची भरपाई. या एका कामापुरतं पाहिलं तर औषध उत्तम आहे. तक्रारी आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा गोळीभोवतीच्या वेळापत्रकाच्या आहेत.

माझी गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. म्हणून माझ्या बाबतीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, रक्तात मोजतात ते हार्मोन) नॉर्मल मर्यादेत, म्हणजे साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान ठेवायचं एवढंच ध्येय. कॅन्सरनंतर काही जणांचं टीएसएच मुद्दाम खाली दाबून ठेवतात. त्यांनी माझे आकडे आपल्या रिपोर्टशी ताडून पाहू नयेत.

डोस ठरतो वजनावर. पूर्ण भरपाईसाठी दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ च्या आसपास. हा फक्त पहिला अंदाज. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कमीपासून सुरू करतात. मला १०० वर सोडलं आणि पुढच्या तपासणीत टीएसएच ९ च्या वर आलं. इथे घरातल्या प्रत्येकाचा गोंधळ होतो: "टीएसएच वाढलंय, मग गोळी कमी करायला हवी ना?" उलट आहे. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्यूटरीचा ओरडा. हार्मोन कमी पडतंय म्हणून ती आवाज चढवते. गोळी वाढवून १२५ केली, तेव्हा कुठे तो खाली आला.

पण लगेच नाही. हे कुणीतरी डिस्चार्जच्या वेळीच नीट सांगायला हवं. गोळीतल्या हार्मोनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे एक आठवडा. खालून थोडी गळती असलेल्या टाकीत रोज पेलाभर पाणी ओतावं, तशी नवी पातळी हळूहळू ठरते. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. त्याआधी तपासलं तर आकडा अर्धवट वाटेवरचा मिळतो आणि त्यावर पुन्हा डोस बदलला की गोंधळ वाढतो. एका ठिकाणी मला तीनच आठवड्यांनी तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. मी थांबले, आणि थांबले ते बरंच केलं. याच गुणाचा फायदा असा, की एखाद्या सकाळी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. आठवलं की घ्यायची.

आता वजन. डोस कमी पडत होता त्या काळात काटा चार किलोने चढला. खाणं वाढलेलं नव्हतं, उलट भूक मंदावली होती. पण ते चारही किलो चरबी नव्हती. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, चेहरा गरगरीत, आणि अंगठी बोटाच्या पेराशी येऊन अडायची. साबण लावून काढायला लागायची. हार्मोन कमी पडलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. थायरॉइडमुळे वाढलेल्या वजनातला मोठा वाटा या पाण्याचाच असतो. डोस जुळला तशी सूज आधी उतरली. अंगठी सैल झाली तेव्हा काटा जेमतेम किलोभरच खाली आला होता. पुढे आणखी दीड किलो गेलं आणि तिथेच थांबलं.

उरलेल्या दीड किलोबद्दल माझं स्पष्ट मत आहे: ते थायरॉइडच्या खात्यावर टाकू नये. सर्जरीनंतर वजन वाढण्याची सरासरी दोनेक किलोंच्या आसपास असते. त्यातही ज्यांचं थायरॉइड आधी अतिवेगाने चालत होतं त्यांचं जास्त वाढतं, कारण आजारपणात उतरलेलं वजन परत येत असतं. माझं थायरॉइड तसं नव्हतं. टीएसएच १.८ वर स्थिर झाल्यानंतरही काटा हलेना, तेव्हा उत्तर सगळ्यांसाठी असतं तेच होतं: बसून काढलेले आठवडे, सुटलेलं चालणं, गेलेला स्नायू. मानेवरची जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चालणं सुरू केलं, मग हलकी वजनं उचलायला लागले. नुसतं खाणं कमी करून बघितलेल्या दिवसांत फक्त चिडचिड वाढली. प्रोटीन वाढवून, वजनं उचलून अंगात ताकद आली. काटा मात्र सावकाशच सरकतोय.

"डोस थोडा वाढवून मागा, वजन झरझर उतरेल," हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या तोंडांनी मिळाला. कृपा करून ऐकू नका. गरजेपेक्षा जास्त हार्मोन गेलं की छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. ते लांबलं तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडं झिजतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची. वजन उतरलं तरी त्यात स्नायूही जातो.

खरी कसरत सकाळची. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. कॉफीही त्यानंतरच, कारण ती गोळीचं शोषण कमी करते. एवढंच असतं तर काही वाटलं नसतं. पण सर्जरीनंतर कॅल्शियमही सुरू होतं. थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. सर्जरीत त्यांना धक्का बसला की त्या काही काळ गप्प होतात. माझ्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. एकदा तर लिहिता लिहिता पेन धरलेली बोटं आखडली. असं झालं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना कळवा. आणि कॅल्शियम हे या गोळीचं वैरी. दोघांत चार तासांचं अंतर लागतं, लोहाच्या गोळीचंही तसंच. म्हणजे पहाटे हार्मोन, दुपारी जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्री पुन्हा कॅल्शियम. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबतच नीट मुरतं, म्हणजे तिथेही मोकळीक नाही. मोबाइलच्या अलार्मशिवाय हे जमत नाही. सकाळी अजिबातच जमत नसेल त्यांच्यासाठी झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीनेक तासांनी गोळी घ्यायचा पर्याय आहे. मी तो विचारून घेतला होता, पण माझं रात्रीचं कॅल्शियम आड आलं. माझं कॅल्शियम आता हळूहळू कमी करत आणलंय, त्यामुळे दिवस थोडा सुटसुटीत झालाय.

ॲसिडिटीच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी कमी शोषली जाते. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू करण्याचा मोहही सगळ्यांना होतो. केस माझेही गेले, कंगवाभर, आणि डोस जुळल्यावर काही महिन्यांत थांबले. बायोटिन घ्यायचंच असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतींमध्ये ते आकडे चुकवतं, टीएसएच खोटंच कमी दाखवतं. तपासणीच्या दिवशी मी गोळी रक्त दिल्यावर घेते, कारण गोळीनंतर काही तास एफटी फोर (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) तात्पुरतं चढलेलं असतं.

कंपनी बदलण्याबाबत मी जरा हट्टी झालेय. गुण सगळ्यांत तोच, पण हे औषध मायक्रोग्रॅमच्या हिशोबात चालतं, बारीक फरकही लागू शकतो. दुकानदाराने "हे पण तेच आहे" म्हणून दुसरी कंपनी हातात ठेवली तर मी परत करते. मिळतच नसेल तर बदलावी, पण सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्यावं. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नये. ओल, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी गोळीचा जोर उतरतो.

टीएसएच अगदी छान असूनही काहींना थकवा राहतो. मूळ ग्रंथी टी-फोर या मुख्य हार्मोनसोबत थोडं टी-थ्री हे दुसरं हार्मोनही बनवते. गोळीत फक्त टी-फोर असतं आणि त्यातून टी-थ्री शरीराला स्वतः बनवून घ्यावं लागतं. टी-थ्रीची वेगळी गोळी असते, पण ती झटकन चढते आणि झटकन उतरते, म्हणून बहुतेक डॉक्टर हात राखून देतात. माझा थकवा दुपारचा होता. तपासल्यावर लोह कमी निघालं, ते भरलं तसा बराच गेला. सगळं थायरॉइडवर ढकलण्याआधी लोह, बी-ट्वेल्व्ह आणि डी जीवनसत्त्व बघून घेतलेलं बरं.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही मी विचारलं होतं. ज्यांचा थायरॉइडचा कॅन्सर मेड्युलरी प्रकारचा होता, किंवा घरात कुणाला तो झालाय, त्यांना ती देत नाहीत. म्हणून बायोप्सीचा मूळ रिपोर्ट दाखवल्याशिवाय हा विषयच काढू नये. माझ्या दीड किलोसाठी डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. वजन बरंच कमी झालं तर डोसही पुन्हा मोजावा लागेल, आणि गरोदरपणात तो लवकरच वाढवावा लागतो, हे दोन्ही मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.