जवस की बांगडा?
कॅन्सरच्या रुग्णाला ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्धाम्ल) द्यायचं, तर जवसाची चटणी की बांगडा? माझं मत बांगड्याला. जवसातलं ओमेगा-३ म्हणजे एएलए; ते शरीरात ईपीए, डीएचए या माशांतल्या ओमेगा-३ मध्ये जेमतेम बदलतं. बांगडा-तारलीत ही दोन्ही आयती मिळतात. केमो सुरू असताना वजन घटत असेल, तर युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही मासळीच्या तेलाचा विचार करायला सांगतात. शिवाय तोंड आलेलं असेल तर तिखट चटणी झोंबते. काटे काढलेला, मऊ शिजवलेला बांगडा सहज जातो. शाकाहारी घरात जवस जरूर द्या, पण कुटूनच; अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात.

कॅन्सर टळावा म्हणून मात्र माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊ नका. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेऊनही कॅन्सरचं प्रमाण घटलं नाही.