घरी बनवलेल्या बेसच्या पेटीला वॉटर बेस टेक्सचर कोट, परभणीच्या हवेत कसा टिकला

घरी बनवलेल्या दोन सिंगल १८ च्या (एकच १८ इंची स्पीकर असलेल्या) बेसच्या पेट्यांना हा काळा टेक्सचर कोट, म्हणजे खरबरीत रंग, मारला, त्याच्यावरून आता गणपती, नवरात्र आणि पूर्ण लग्नसराई गेली, म्हणून आत्ता लिहितोय, नवा नवा तर कुठलाही रंग भारीच दिसतो.

आपल्याकडं अजून बरेच साऊंडवाले पेटीला काळं कार्पेट चिकटवतात. मिरवणुकीतला गुलाल एकदा त्यात शिरला की काही केल्या निघत नाही, आणि पावसात भिजलं की पाणी धरून ठेवतं, मग खालून प्लाय फुगतो. रेक्झिन कोपऱ्यावर फाटतं. ऑइल पेंट स्वस्तात होतो पण छोटा हत्तीत पेटी चढवताना पत्र्याला घासली की रेघ पडलीच समजा.

हा कोट म्हणजे वॉटर बेस अ‍ॅक्रेलिक, घट्ट, रोलरने मारायचा. अमेरिकेतला ड्युराटेक्स याच जातीचा, त्यात रोलरचा वेगळा आणि स्प्रेचा वेगळा येतो. मी घेतला तो इकडच्याच एका कंपनीचा, ४ लिटरचा डबा, दोन्ही पेट्यांना दोन दोन हात मारून तळाला थोडा उरला. ऑइल पेंटपेक्षा लई महाग पडतो हे आधीच सांगतो. पण थिनर लागत नाही, रोलर ओला असतानाच नळाखाली धुतला की साफ, आणि घरात लेकरं असली तरी वासाचा त्रास नाही. पॉलियुरिया हा दुसऱ्या जातीचा कोट याच्यापेक्षा टणक असतो हे खरं, पण त्याला दोन भाग गरम करून प्रेशरने फवारायचं मशीन लागतं, आणि त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनामुळं तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, ते अंगणात करायचं काम नाहीच.

मारायच्या आधीची तयारी मात्र नीट पाहिजे. प्लाय १८ एमएमचा, कडा राऊटरने (लाकडाच्या कडा कापायच्या मशीनने) गोल केल्या, कारण धारदार कडेवर कुठलाही कोट पातळ बसतो आणि पहिला तिथंच उडतो. स्क्रूचे खड्डे गाडीच्या डेंटिंगवाल्याकडं मिळते त्या हार्डनरवाल्या पुट्टीने भरा, भिंतीची पुट्टी बेसच्या हादऱ्यानं तडकते. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि ओल्या फडक्याने धूळ पुसून घेणं. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ, तो प्लायमधी मुरतो आणि प्रायमरचं काम करतो. दुसरा हात पाणी न घालता, टेक्सचरच्या जाळीदार रोलरने. रोलर भरून लावायचा आणि शेवटी अजिबात दाब न देता एकाच दिशेने उचलत न्यायचा, तेव्हा चटचट असा आवाज येतो आणि बारीक बारीक टोकं उभी राहतात. दाबला की टोकं बसून संत्र्याच्या सालीसारखं चपटं होऊन जातं. स्पीकर जिथं बसतो त्या गोल कडेला टेप लावून ती कोरी ठेवा भाऊ, तिथं टोकं आली तर गॅस्केट (स्पीकरच्या कडेखालची हवाबंद पट्टी) नीट बसत नाही आणि जोरात वाजवलं की हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो. टेप कोट ओला असतानाच काढायची, वाळल्यावर ओढली तर सोबत पापुद्रा निघतो.

आता खरा मुद्दा क्युअरिंगचा, म्हणजे कोट आतपर्यंत पक्का होण्याचा. हात लावल्यावर चिकटत नाही म्हणजे काम झालं असं बहुतेक जण समजतात, पण तोवर फक्त वरचं पाणी उडालेलं असतं. अ‍ॅक्रेलिकचे बारीक कण एकमेकांत मिसळून आत सलग थर व्हायला दिवस जातात, आणि ते हवेवर अवलंबून आहे. परभणीत मे महिन्यात ४२ च्या पुढं पारा असताना दुपारी मारला तर रोलर फिरवेपर्यंत वरची साय धरते आणि आतलं ओलंच राहतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी कधी १० च्या खाली येतो, तेवढ्या गारठ्यात कण नीट जुळतच नाहीत, वाळल्यावर थर ठिसूळ होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळं तेच काम दुप्पट रेंगाळतं. आपल्यासाठी दिवाळीनंतरचे आणि फेब्रुवारी-मार्चचे दिवस बेस्ट, सकाळी ऊन्ह तापायच्या आत, सावलीत, वारं खेळतं ठेवून. जिंतूरकडच्या एका साऊंडवाल्याने मारल्यावर दुसऱ्याच दिवशी पेटीवर पेटी ठेवून बेल्ट आवळला, सकाळी वेगळ्या करताना खालच्या पेटीचा कोट वरच्या पेटीच्या बुडाला चिकटून निघाला. मी हँडल, कोपरे, जाळी, चाकं हे सगळं पूर्ण क्युअर झाल्यावरच बसवलं. बुडाच्या कोपऱ्यात नख दाबून बघायचं, खूण उमटली तर अजून थांबा.

टिकण्याचं म्हणाल तर गुलाल आणि भंडारा ब्रश आणि साबणाच्या पाण्याने निघतो, टोकांच्या फटीत थोडा लालसरपणा राहतो पण लांबून दिसत नाही. ट्रकच्या लोखंडी कडेवर जिथं दाणकन आदळली तिथं एक टवका गेला, बाकी ठिकाणी घासल्याची खूणसुद्धा नाही. काळा रंग उन्हात अजून फिका पडला नाही.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो डब्यासाठी, त्यावर "४ तासात वापरायोग्य" एवढंच छापलंय, किती तापमानाला, पूर्ण क्युअर कधी, पेट्या एकावर एक कधी ठेवायच्या, काहीच नाही, आणि एवढे पैसे घेणाऱ्या कंपनीनं ते लिहायलाच पाहिजे. उरलेला माल छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून ठेवा, डब्यात तसाच राहिला तर वर कातडं धरतं. टवका गेला की तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासायची आणि स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत लावायचा, ब्रशने ओढला तर जोड दिसतो.