नवा फ्लॅट की रीसेल: कागद तपासताना लक्ष कुठे द्यायचे

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची बरीच तपासणी घरबसल्या होते. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजुऱ्या, जमिनीवरचा बोजा, चालू दावे आणि प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख दिसते. ती तारीख याआधी किती वेळा वाढवली, हेही पाहा. खरी फसगत होते ती बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रात, म्हणजे सीसीत. मुंबईत सीसी टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांची. सीसी दहाव्या मजल्यापर्यंतच असेल आणि तुम्हाला पंधरावा दाखवत असतील, तर तुमच्या मजल्याला बांधकामाची परवानगी अजून मिळालेलीच नाही. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याच्या कलम 13 ने मनाई आहे. नुसत्या अलॉटमेंट लेटरवर 20 टक्के मागितले, तर तिथेच थांबा.

रीसेलमध्ये सगळे कागदांच्या साखळीवर असते. पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंतचे मूळ करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन नावे जुळवा. मधला एक करार गहाळ असला तरी तुमची बँक कर्ज अडवू शकते. मूळ मालक वारला असेल, तर नॉमिनीची सही पुरेशी नाही. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनीचे नाव लागले तरी हक्क वारसांचाच राहतो, म्हणून बाकीच्या वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. मालकाचे कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र घ्या आणि तेवढा चेक थेट कर्जखात्यात द्या.

जुन्या इमारतींत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) नसणे सर्रास आढळते. "पाणी येतंय, घरपट्टी भरतोय" हे त्याचे उत्तर नव्हे. घरपट्टीची पावती बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा होत नाही. बिलात शास्ती (दंड) लागलेली दिसली, तर आधी महापालिकेत चौकशी करा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव आहे का, तेही बघा. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर पुढे पुनर्विकास रखडतो.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना 1 टक्का), रीसेलवर लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त) दोन्ही असलेला रीसेल फ्लॅट थोडा महाग पडला तरी आम्ही तोच घ्यायला सांगू. मात्र वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) टोकन देण्याआधी घ्या, नंतर नाही.