थंबची हजेरी मशीन: कष्टाच्या हातांना चालते का?

बोटाचा ठसा घेणारी हजेरी मशीन ऑफिसात सहसा त्रास देत नाही. सिमेंट, साबण, ऑइल यांत हात घालणाऱ्यांच्या रांगेत मात्र रोज तेच ऐकू येतं: "माझा थंब घेतच नाही."

ऑप्टिकल सेन्सरमध्ये काचेला टेकलेल्या रेघा काळ्या उमटतात, मधल्या खाचा उजळ. रेघ कुठे संपते, कुठे फुटते, या खुणा मशीन जुळवून बघते. झिजलेल्या, कोरड्या कातडीच्या रेघा तुटक दिसतात. बोट ओलं असेल तर खाचाही भरतात आणि नुसता काळा डाग उमटतो. म्हणून "नीट लाव रे" असं ओरडून काही होत नाही. माणूस वैतागून जोरात दाबतो, रेघा चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात आणि ठसा आणखीच बिघडतो.

निम्मा त्रास नोंदणीतल्या घाईचा असतो. हात धुऊन कोरडे करा. बोटाचं टोक नको, मधला भोवरा काचेच्या मध्यावर सपाट टेकवा. दोन्ही हातांचं एकेक बोट नोंदवा, म्हणजे एकाला चीर पडली तरी दुसरं आहे. कातडी फारच कोरडी असेल तर बोटावर हलकी फुंकर मारली तरी फरक पडतो.

ठसा जुळवण्याची अट सैल करू नका, एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडू शकते. त्यापेक्षा आधी आपला नंबर दाबून मग बोट लावायची सोय चालू करा. मग मशीन एकाच माणसाच्या ठशाशी ताडून बघते.

रांगेचा हिशोबही करा. माणशी 3 सेकंद धरले तर 60 जणांना 3 मिनिटं. त्यात दहा जणांना 15 सेकंद लागले की आणखी 2 मिनिटं. वेळेवर येऊनही शेवटच्यांना लेट मार्क लागतो, हा सरळ अन्याय आहे. तेवढी सवलत सॉफ्टवेअरमध्ये टाका, नाहीतर दुसरी मशीन लावा.

काचेवर थेट ऊन पडेल अशी जागा टाळा. काच रोज मऊ, कोरड्या कापडाने पुसा.

ऑफिससाठी 5 पैकी 4. कारखान्यासाठी नुसत्या ठशाची मशीन 2, ठशाऐवजी कार्ड दाखवायची सोय असेल तर 4. पैसे देण्याआधी सगळ्यात खरखरीत हातांचे पाच जण बोलवा आणि शिफ्ट सुटताना त्यांच्याकडून चालवून बघा.