व्हीएम हलवली, अलार्म मागेच राहिले: प्रॉक्समॉक्सवर झॅबिक्स वापरून बघितलं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी आयटी बघतो. तीन होस्ट म्हणजे खरे सर्व्हर, आणि त्यांच्यावर चालणारी अकरा व्हीएम म्हणजे आभासी संगणक. ईआरपी, टॅली, हजेरी, गेटपास सगळं त्यांच्यावर. व्हीएम चालवायला आम्ही व्हीएमवेअर वापरायचो. ती कंपनी ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. दरवर्षीचं सबस्क्रिप्शन मालकांना परवडेना, म्हणून आम्ही तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर आलो. ईएसएक्सआयवरून, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरून, थेट व्हीएम ओढून घेणारा विझार्ड प्रॉक्समॉक्सच्या 8.2 आवृत्तीपासून आहे, त्यामुळे हलवाहलवी दोन रविवारांत उरकली.

व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या देखरेखीच्या पॅनेलमध्ये डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) 75 टक्के भरला की पिवळा अलार्म आणि 85 ला लाल, हे आयतंच होतं. मी ते हातानं कधी लावलेलं नव्हतं, त्यामुळे नव्या ठिकाणी लावायचं सुचलंही नाही. प्रॉक्समॉक्सकडून बॅकअपचा मेल रोज यायचा. जागा संपत आली तरी येईल, असं मी धरून चाललो. बॅकअप, रेप्लिकेशन, अपडेट यांचे निरोप तो देतो, स्टोरेज भरत आल्याचा देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला शिफ्ट सुपरवायझरचा फोन आला. "सर, गेटपास निघंना झालाय, गाडी भरून उभी हाय." लॅपटॉप उघडला तर ईआरपीच्या व्हीएमवर पिवळा त्रिकोण आणि 'आयओ-एरर'. हलवल्यावर खबरदारी म्हणून घेतलेला स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) काढायचा मी विसरलो होतो, शिवाय थिन पूलमध्ये (यात जागा आधी कागदावर वाटतात, खरी लागेल तशी भरते) खऱ्या डिस्कपेक्षा जास्त जागा वाटून ठेवली होती. पूल काठोकाठ भरला आणि व्हीएम जागच्या जागी थिजलं. स्नॅपशॉट काढून रिझ्यूम केलं, पावणेचारला गाडी सुटली.

त्याच आठवड्यात झॅबिक्स 7.0 हे सर्व्हरवर लक्ष ठेवून इशारे देणारं सॉफ्टवेअर बसवलं. फुकट आहे, आणि प्रॉक्समॉक्सचं टेम्प्लेट (काय काय मोजायचं याचा साचा) त्यात तयारच मिळतं. प्रॉक्समॉक्सच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामनं माहिती मागायची खिडकी) 8006 पोर्टवर विचारून ते होस्ट, स्टोरेज, व्हीएम आपणहून शोधतं. पहिला दिवस मात्र वाया गेला: टोकन (पासवर्डऐवजीची किल्ली) दिलं, जोडणी झाली, पण यादी रिकामी. एररही नाही. प्रिव्हिलेज सेपरेशन (टोकनचे हक्क युजरपासून वेगळे ठेवणं) चालू असलं की नुसत्या युजरला 'पीव्हीई-ऑडिटर' हा फक्त बघण्याचा रोल देऊन भागत नाही, टोकनलाही वेगळा द्यावा लागतो. दिल्याबरोबर अकराही व्हीएम दिसली.

मग विंडोज व्हीएमच्या मेमरीचे खोटे इशारे सुरू झाले. वापर पंचाण्णव टक्के दिसायचा, आत बघावं तर अर्धी मेमरी मोकळी. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे बलून ड्रायव्हर (मेमरीचा खरा वापर बाहेर कळवणारे) आणि गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा व्हीएममधला छोटा प्रोग्राम) टाकल्यावर आकडे ताळ्यावर आले. हे काम हलवण्याच्या दिवशीच उरकून घ्या. रोज खोटी घंटा वाजली की खरीकडेही कुणी बघत नाही.

टेम्प्लेटवर माझी एकच तक्रार आहे. पूलमधला डेटा किती भरला ते कळतं, पण थिन पूलचा मेटाडेटा (कुठला डेटा कुठे आहे याची नोंद) वेगळा भरतो आणि तो भरला तरीही व्हीएम अडकतात. त्यासाठी पूलचा वापर दाखवणाऱ्या 'एलव्हीएस' कमांडचा आकडा झॅबिक्सच्या एजंटकडून मागवणारी एक ओळ मी स्वतः लिहिली. सत्तर टक्क्यांना इशारा ठेवलाय.

झॅबिक्स मी त्याच होस्टवर ठेवलेलं नाही. जुना मिनी पीसी, त्याला स्वतंत्र यूपीएस आणि सिमकार्डचा राउटर. इशारा आधी माझ्या टेलिग्रामवर येतो, दहा मिनिटांत मी घेतला नाही तर स्टोअरच्या साहेबांकडे जातो. हे टप्पे लावणं झॅबिक्समध्ये सोपं आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. मेन्यू मात्र खोल आहेत, नवख्याला पहिला आठवडा जड जातो.

सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंट कार्डवरून एसएनएमपी या प्रोटोकॉलनं तापमानही घेतलंय. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याची फार गरज पडते. लाइट जाऊन आली की आमचा एसी आपोआप सुरू होत नाही. आता आतली हवा तिशीपुढे गेली की वॉचमनला माझा फोन जातो.